महारुद्रच्या भूमिकेत

१

दुपारच्या भाकरी झाल्या, भांडी पालथी पडली, की निंबगव्हाणच्या कच्छव्यांच्या घरात टीव्ही लागायचा. जुन्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवणारं एक चॅनल आहे. त्यावर त्या वेळेला ‘नानांचं बिऱ्हाड’ लागतं. मालिका इतकी जुनी, की नानांनी रागानं दार आपटलं तर दाराबरोबर अख्खी भिंत हलते. नाना तापट, नानी हुशार, शेजारी आगाऊ. रोज एक घोटाळा होतो, रोज निस्तरतो, आणि मधे मधे न दिसणारी माणसं खो खो हसतात. विजयमाला आणि तिची सासू केवळाबाई लसूण सोलत बसायच्या आणि एकही भाग चुकवायच्या नाहीत. “घरात मयत झालं तरी ह्या दोघी आधी नाना बघतील,” असं विजयमालाचा नवरा महारुद्र म्हणायचा. म्हणायचा आणि स्वतः चौकटीला टेकून शेवटपर्यंत बघत उभा राहायचा.

हा महारुद्र कसा होता ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते सांगायला कुणी सापडणार नाही. ठेंगणा, अंगानं रुंद, भुवया मधोमध जुळलेल्या, कानाशी तीळ. बोलणं कमी, धुसफूस जास्त. बायकोला नावानं हाक मारणं त्याला लग्नापासून जमलं नव्हतं. “ए” म्हणायचा, बस्स. घोरायचा असा की बाहेर बांधलेल्या शेळ्या उठून उभ्या राहायच्या. विजयमालाला तो आवडायचा. हे ती कुणाला बोलली नव्हती, असलं बोलायची आपल्याकडं पद्धतही नाही, पण आवडायचा.

यंदा सरपंचाची जागा महिलेसाठी राखीव सुटली. पॅनलचे प्रमुख तात्याराव घरी आले, बाजेवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, “ठरलं बरं का. आपला उमेदवार महारुद्र.”

“तात्या, जागा बायकांची हाय ना?” चहा देता देता विजयमालानं विचारलं.

“हायच की. नाव तुझं राहील. उभा ह्यो राहील.”

यात तिला काही वावगं वाटलं नाही. मागच्या सरपंचबाईंना गावानं झेंडावंदनाला काय ते पाहिलेलं. बाकी सगळा काळ खुर्चीत त्यांचे मालक बसले, सह्या त्यांनीच केल्या, आणि लोकही त्यांनाच सरपंच म्हणत राहिले. एकाच्या जागी दुसरं माणूस चालवून घ्यायची निंबगव्हाणला चांगली सवय होती.

बॅनरसाठी फोटो हवा होता. महारुद्रनं पांढरा शर्ट घातला, केस पाण्यानं चापून बसवले आणि मोटारसायकल काढून परभणीला गेला. विजयमालाचा फोटो आधार कार्डावरून घ्यायचं ठरलं होतं.

ऊन उतरायला लागलं तशी गाडी दारात येऊन थांबली. गाडी तीच, आवाज तोच. शर्टही तोच, फक्त बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिलेल्या. गाडीवरून उतरला तो चांगला उंच, उजळ, मिशी कातरलेला माणूस होता. भुवया मोकळ्या. कानाशी काही नाही.

विजयमालानं पाहुणा समजून पदर सावरला. “कोण पायजे तुमाला? मालक परभणीला गेलेत.”

त्या माणसानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान तिरकी केली आणि गोड हसून म्हणाला, “अगं विजयमाला, नवऱ्यालाच पत्ता विचारायलीस?”

आतून केवळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. “आलास का बाबा? लय ऊन होतं आज,” ती म्हणाली आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

२

विजयमाला काही खुळी बाई नव्हती. ताडकळसची लेक, दहावी पास, बचत गटाची अध्यक्ष. तिनं मनाला समजावलं, की माणूस शहरात गेला, दाढी-कटिंग केली, तोंडाला काहीतरी चोपडून घेतलं. फोटोवाले हल्ली काय वाट्टेल ते करतात. पण चोपडून माणूस उजळेल हो, वीतभर उंच कसा होईल?

तिनं कुत्र्यावर भरवसा ठेवला. कुत्रं फसत नाही, असं सगळे म्हणतात. तर त्यांचं कुत्रं धावत आलं, नव्या माणसाच्या पायावर लोळलं आणि आनंदानं कुईकुई करायला लागलं. महारुद्रला पाहून ते कधी कान हलवायचं नाही. शेळ्याही त्याच्या हातून पाला खायला लागल्या. विजयमालाच्या मनात आलं, निमकहराम सगळे.

मग तिनं भिंतीवरचा लग्नातला फोटो पाहिला. फोटोत मुंडावळ्या बांधून तोच उंच माणूस उभा होता. फोन उघडला. औंढ्याच्या दर्शनाचा फोटो, राजेश्रीच्या वाढदिवसाचा फोटो, शेतातला फोटो, सगळीकडं तोच.  ती मटकन खाली बसली.

राजेश्री म्हणजे लेक, शिकायला संभाजीनगरला. तिला विजयमालानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गपकन त्या माणसाच्या तोंडापुढं धरला. “सांग, हे कोण हायेत?”

“पप्पा! किती मस्त दिसायलेत!” पोरगी किंचाळली. “आई, तू यांचं काहीतरी शिक जरा. आणि मी येणार हाय मतदानाला. माझं पैलं वोटिंग हाय, आईलाच देणार.”

शेजारच्या दैवशालाकडं गेली, तर दैवशालानं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. “वैनी, इलेक्शनचं टेन्शन घेतलंय तुमी. आमचे हे उभे राहिले होते तवा मलाबी कायबी दिसायचं. लिंबू-सरबत प्या.”

त्या रात्रीपासून ती सासूजवळ निजायला लागली. निवडणूक होईपर्यंत नेम धरलाय म्हणाली. नव्या माणसानं मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली, आणि घोरला अजिबात नाही. विजयमालाला त्या शांततेत डोळ्याला डोळा लागला नाही.

३

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चार लोक जमवून हाकलून देता आला असता. पण हा तर चहाचा कप स्वतः विसळायचा! केवळाबाईचे पाय चेपायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर “आज मीठ माहेरी गेलं वाटतं” म्हणायचा. महारुद्रनं मीठ कमी पडलं तर ताट सरकवलं असतं आणि मग घटकाभरानं गपचूप येऊन जेवला असता. विजयमालाला ते सरकवलेलं ताट आठवलं आणि तिचे डोळे भरून आले.

मिठाचं तो बोलला तेव्हाच तिनं पहिल्यांदा ऐकलं. पूर्वेच्या भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. एक-दोघांचा नाही, चांगला घोळक्याचा. एकदम उठला, एकदम मावळला.

तिनं घास ठेवला. “कोण हसलं?”

“कुठं?” केवळाबाई म्हणाली.

विजयमाला उठून बाहेर गेली. पूर्वेच्या भिंतीपलीकडं शेळ्या होत्या आणि त्यापलीकडं हरभऱ्याचं रान, पार ओढ्यापर्यंत. एक शेळी रवंथ करत तिच्याकडं बघत होती. विरोधी पॅनलचा प्रचाराचा ऑटो फिरत असेल, भोंग्यावर काहीतरी लावलं असेल, असं तिनं ठरवलं. ठरवून आत आली आणि तेव्हा तिच्या नजरेत आलं की घरातली माणसं कशी बसली आहेत.

जेवायला पंगतीनं बसायची त्यांची रीत होतीच. पण पूर्वी महारुद्र खांबाला टेकायचा, म्हातारी चुलीकडं तोंड करायची, कुणाचं तोंड कुणीकडं याचा काही मेळ नसायचा. आता दोघं एका ओळीत बसली होती आणि दोघांची तोंडं पूर्वेच्या भिंतीकडं. बोलतानाही एकमेकांकडं वळत नव्हती, नुसती मान जराशी कलवत होती. तिचं ताटसुद्धा त्याच ओळीत, मधोमध मांडलेलं.

तिनं आपलं ताट उचललं आणि मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसली.

नवा माणूस उठला. त्यानं तिचे खांदे हळूच धरले आणि लहान लेकराला वळवावं तसं तिला वळवलं. “इकडं तोंड कर, विजयमाला. तसं बसल्यावर दिसत न्हाई.”

“कुणाला दिसत न्हाई?”

भिंतीपलीकडची माणसं खदखदून हसली. विजयमालाच्या हातातला घास तसाच राहिला. केवळाबाई ताकाचा भुरका मारत होती आणि कालवणाकडं बघत होती.

४

बॅनर आले. वेशीजवळ, शाळेजवळ, पाण्याच्या टाकीजवळ लागले. मधे हात जोडलेला नवा महारुद्र, दोन माणसांएवढा मोठा. खाली ‘सौ. विजयमाला महारुद्र कच्छवे यांना कढई या चिन्हासमोरील बटण दाबून विजयी करा’. तिचा स्वतःचा आधार कार्डावरचा फोटो कोपऱ्यात, इतका बारका की बटाट्याला डोळे काढल्यासारखा.

आणि प्रचार काय रंगला म्हणता! जुना महारुद्र भाषणाला उभा राहिला असता तर “मंडळी” म्हणून घाम पुसत खाली बसला असता. हा बोलायला लागला की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हातारे मांडीवर थापा मारायचे. घरोघरी जाऊन त्यानं पोरांचे गालगुच्चे घेतले, म्हाताऱ्यांची तब्येत विचारली. विरोधकांच्या घरीसुद्धा चहा पिऊन आला. गावात हवा झाली, की कच्छव्यांची कढई येतेय.

विजयमाला त्याच्या मागं हात जोडून फिरायची. ती काही बोलायला लागली की तो तिचं वाक्य पुरं करायचा, आणि मोकळ्या गल्लीत, जिथं भिंत नाही, घोळका नाही, तिथंही ते हसू कुठून तरी यायचं. तिनं दैवशालाला विचारलं. दैवशाला म्हणाली, “हसायलेच की लोक. भाऊजी बोलतेतच तसं.”

“समोर तर तिघीच बाया होत्या गं. एवढे जण कोण हसले?”

“वैनी, सरबत पिलात का?”

शेवटी तिनं तात्यारावांना गाठलं. पारावर ते एकटेच बसले होते. विजयमालानं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ सांगून टाकलं. “तात्या, हे आमचे मालक न्हाईत. कसम खाऊन सांगते. माझा माणूस परभणीला गेला तो वापस आलाच न्हाई. मला माझा माणूस पायजे, सरपंचकी नको.”

तात्याराव हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मुलाखतीला लय जण आले असतील, तवा असा एक सापडतो. खुर्ची भरली पायजे, सूनबाई. कोण बसलंय ते बघायलीस कशाला?”

“कसली मुलाखत?”

तात्यारावांनी डोळे मिटले, उघडले, आणि एकदम ओरडले, “आगं, उद्याच्या रॅलीला बाया किती आणायलीस ते सांग!” जणू मधलं काही ते बोललेच नव्हते. पाराच्या वर, पिंपळात, कुणीतरी पोट धरून हसलं. एकही पान हललं नाही.

५

मतदानाच्या आदल्या दुपारी घरात बाया जमल्या होत्या. प्रचार संपला होता, तोंडं थकली होती, टीव्ही लावला. ‘नानांचं बिऱ्हाड’मध्येही त्या दिवशी निवडणूकच होती. नानांच्या चाळीच्या अध्यक्षाची निवडणूक. नाना उभे, त्यांच्याविरुद्ध नानी उभी. घरात भांडणं, उपास, गच्चीवर सभा. बाया हसून हसून लोळल्या. मतदानाला चाळीच्या जिन्याखाली चादरीचा पडदा लावला होता. नाना धोतर सावरत पडद्याआड गेले.

आणि पडद्याआडून निघाले ते वेगळेच नाना. धोतर तेच, चष्मा तोच. नाक लांब, अंग सडपातळ. ते पुढं आले आणि म्हणाले, “मत कुणाला दिलं ते सांगणार नाही, पण रात्रीची आमटी मला हवी आहे.” न दिसणारी माणसं छप्पर उडेल इतकी हसली.

विजयमाला मात्र नानीकडं बघत होती. नानीनं नव्या नानांना पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ते काही नाटकातलं नव्हतं. तिचे ओठ काहीतरी बोलले, आवाज आला नाही. मग तिनं पडद्याकडं बघितलं. कुणी तरी आत उरलंय आणि ते परत येईल, असं बघत राहिली. मग जाहिरात लागली.

“नाना बदलले की गं!” विजयमाला म्हणाली.

“कुठं?” दैवशाला म्हणाली. “तेच हाईत की. पैल्यापासून.”

“पैले नाना जाडे होते. गोल नाक होतं. दैवशाला, काल बघितलं ना आपण!”

सगळ्या बाया तिच्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं, फसवणं नव्हतं, चेष्टा नव्हती. जाहिरात संपली. नानी आता पुढं आली तर तीही दुसरीच होती. जरा तरुण, दात पुढं नसलेली, मोठी उत्साही. पडद्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

विजयमालानं टीव्हीवरून नजर काढली. पण खरं सांगायचं तर तिला भीती वाटली ती नानीची नाही. पहिल्या नानांचं नाक गोल होतं की बसकं, हेच तिला आता नीट आठवेना. आणि मग ती आठवायला गेली महारुद्रच्या कानाशी असलेला तीळ. उजव्या का डाव्या? ज्या माणसाशेजारी जन्म काढला त्याचा तीळ कुठल्या कानाशी होता ते तिला सांगता येईना. ती मोरीत गेली, तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि रडली.

६

संध्याकाळी केवळाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. नवा माणूस बूथचं बघायला गेला होता. विजयमाला सासूच्या अगदी जवळ जाऊन बसली.

“आत्याबाई, तुमी आई हाव त्यांची. तुमच्या पोटचं लेकरू. खरं सांगा, तुमाला काईच वाटत न्हाई?”

म्हातारीनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. 

“वाटतंय की,” ती म्हणाली. “पैले काही दिस लय वाटतंय. जीव कशातच लागत न्हाई. मग आपण येळेवर भाकर करतो, येळेवर निजतो, आन मग ते माणूस आपलंच होतंय. तुझ्या टायमालाबी मला असंच झालं होतं.”

“माझ्या टायमाला?”

“मी लय रडले होते. तीबी चांगली होती गं, बिचारी.”

 “कोण ती? आत्याबाई, कोण चांगली होती?”

“भाकर करपायली बघ,” केवळाबाई म्हणाली आणि उलथनं घेऊन पुढं वाकली. भाकरी करपत नव्हती. पूर्वेच्या भिंतीपलीकडं या वेळी कुणी हसलं नाही. तिकडं कुणीतरी बाई हुंदका दाबत होती, आणि आजूबाजूचे तिला गप करत होते.

विजयमालानं आपलं माहेर आठवलं. ताडकळस, बाजार, आईचा हात, सगळं होतं. लग्न होतं. लग्नानंतर राजेश्री होती. पण बाळंतपण आठवायला गेली तर दुखल्याचं काही आठवेना. ती उठून कामाला लागली. रात्रभर तिनं एकच विचार धरून ठेवला. नाना पडद्याआड गेले आणि दुसरे बाहेर आले. म्हणजे माणसं जिथं बदलतात ती जागा आहे. जिथून माणूस जातं तिथून त्याला ओढूनही काढता येत असेल.

आता हा विचार शहाण्या माणसाचा आहे का? नाही. पण तुमचा माणूस गेला असता आणि गाव तुम्हाला सरबत पाजत असतं, तर तुम्ही काय केलं असतं?

७

मतदान शाळेत होतं. विजयमालानं हिरवी साडी नेसली, नव्या माणसाला ओवाळलंसुद्धा. तो हरखला. “आज काय प्रेम ऊतू चाललंय!” म्हणाला. भिंतीपलीकडचे हसले. ती मनात म्हणाली, हसा. जरा वेळानं बघते तुमच्याकडं.

पुरुषांच्या रांगेतून तो आधी आत गेला. विजयमाला बायांच्या रांगेतून मान उंच करून बघत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, त्यात यंत्र. तो आडोशात वाकला. तिनं देवाचं नाव घेतलं, महारुद्रचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, आता मनातल्या मनात पुन्हा पुन्हा. यंत्र वाजलं. तो वळला. तोच, उंच, गोड, हात जोडलेला. बोटाची शाई लोकांना दाखवत तो बाहेर गेला.

विजयमाला जागची हलली नाही. मागून दैवशालानं ढकललं, “चला वैनी, नंबर आला.”

नाव सांगितलं, सही केली, शाई लागली. ती आडोशाशी गेली. मत देण्यात तिला काही रस उरला नव्हता. तिनं डोकं आत घातलं आणि बघितलं. डावीकडं पुठ्ठा, उजवीकडं पुठ्ठा, समोर पुठ्ठा. पाठीमागची बाजू तेवढी उघडी, लोकांकडं. अशाच तीन भिंतींच्या खोलीत नाना-नानी राहायचे.

पुन्हा बघितलं तर समोरचा पुठ्ठा हातभर अंतरावर असायला हवा होता. नव्हता. तिथं अंधार होता, आणि अंधारात बाकडी होती, रांगेमागून रांग. जत्रेतल्या तंबूत बसतात तशी माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. पुढच्या बाकड्यावर गोल नाकाचे जाडे नाना होते. शेजारी दात पुढं असलेली नानी होती. एक बाई होती जिला विजयमाला ओळखत नव्हती. तिच्या अंगावर लग्नातला शालू होता आणि ती विजयमालाकडं मायेनं बघत होती. आणि कडेला ठेंगणा, रुंद, पाय वर घेऊन बसलेला, तीळ उजव्या कानाशी. उजव्याच!

“लय येळ लावलास,” महारुद्र म्हणाला आणि सरकून जागा केली.

“उठा! चला भाईर!” विजयमालानं त्याचा हात धरला. हात खरा होता, गरम होता, नखात माती होती. तिनं सगळा जीव लावून ओढलं. तो तसूभर हलला नाही. ती मात्र हलली.

यंत्राचा लांब आवाज झाला. तिनं बटणाला हात लावला नव्हता.

ती वळली. ज्या बाजूनं डोकं घातलं होतं तिकडं शाळेची खोली होती, लख्ख उजेडात, जरा दूर. टेबलापाशी हिरवी साडी नेसलेली एक बाई शाईचं बोट वर करून उभी होती. विजयमालापेक्षा उजळ, गालाला खळी. दारात काठी टेकत केवळाबाई आली होती.

“झालं का गं विजये?”

“झालं की, आत्याबाई! आता निकाल लागू द्या, मग ह्यांनाच भाकऱ्या थापायला बसवते बघा!”

बाकड्यांवरची माणसं हसली. किती जवळून आला तो आवाज! विजयमालाच्या बरगड्या हादरल्या.

“आत्याबाई!” ती ओरडली. “ती मी न्हाई! आत्याबाई, मी हितं हाय!”

यावर माणसं जास्तच हसली. उजेडातली केवळाबाई थबकली. तिनं थेट इकडं बघितलं.  मग तिनं पदर डोळ्याला लावला, नव्या सुनेचा हात धरला आणि दाराकडं वळली. समोरची खोली हळूहळू अंधुक व्हायला लागली.

“हस,” महारुद्र तिच्या कानाशी पुटपुटला. तो स्वतः हसत होता. खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. “हस गं. हसलं न्हाई की समोरचं दिसायचं बंद होतंय.”

“मला न्हाई बघायचं काई!”

“राजेश्री आलीय.”

विजयमालानं पाहिलं. अंधुक झालेल्या दारातून लेक आत धावत येत होती, पाठीवर बॅग, केस विस्कटलेले, थेट गाडीतून उतरून आलेली. “आई!” म्हणाली आणि त्या खळीवाल्या बाईच्या गळ्यात पडली. तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. पोरगी वाळलीय का, डोळे ओढलेत का, काहीच कळत नव्हतं.

विजयमाला नवऱ्याशेजारी बाकड्यावर बसली, डोळे पुसले आणि सगळ्यांबरोबर हसायला लागली.